पॅट्रिकच्या आधीचा संत : आर्डमोरचा डेक्लन

गेल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे कॉर्कला आली होती, तिला समुद्र बघायचा होता म्हणून आम्ही आर्डमोरला गेलो. कॉर्कपासून गाडीने साधारण तासाभरावर, वॉटरफोर्ड काउंटीतलं छोटंसं किनाऱ्यावरचं गाव. गावातून कड्यावर चढणारी एक पायवाट आहे आणि तिच्या सुरुवातीलाच एक पडकं चर्च लागतं, त्याला लागून एक विहीर. विहीर म्हणजे आपल्या डोळ्यासमोर जी येते तशी खोल, रहाट असलेली नाही, दगडी बांधकामात दोन छोटी तोंडं आणि आत हाताला लागेल इतक्या वर पाणी, बस. एक वयस्कर बाई त्या पडक्या भिंतींभोवती हळूहळू फिरत होत्या, ओठ हलत होते. मधेच एका दगडापाशी थांबल्या, खालून एक बारीक खडा उचलला आणि दगडावर आधीपासून कोरलेल्या क्रॉसवरून ओढला, एकदा उभा, एकदा आडवा. खडा परत होता तिथे ठेवला आणि पुढे निघाल्या.

आई मला कोपराने ढोसून म्हणाली, "अगं, ही तर प्रदक्षिणा घालतेय. आणि बघ, देव उजव्या हातालाच ठेवलाय."

त्या बाई पुढे गेल्यावर मी जवळ जाऊन तो क्रॉस बघितला. बोटाचं टोक आरामात बसेल इतकी खोल खाच झालीय, आणि आतला दगड बाहेरच्यापेक्षा उजळ, कारण रोज कोणी ना कोणी त्यावरून खडा घासून जातंय. तेव्हापासून मी या डेक्लन नावाच्या संताबद्दल मिळेल ते वाचतेय, आणि आयर्लंडला येणारे आपले लोक डब्लिन, मोहरचे कडे आणि सेंट पॅट्रिक एवढं बघून परत जातात त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सोपं करून लिहितेय.

आधी आईच्या प्रदक्षिणेचं बघू, कारण ते नुसतं दिसायला सारखं नाहीये. आयर्लंडमध्ये पवित्र जागेभोवती फिरायचं ते सूर्य फिरतो त्या दिशेने, म्हणजे आपल्यासारखंच, मधली वस्तू उजव्या हाताला ठेवून. या फिरण्याच्या दिशेला आयरिशमध्ये "डेशल" म्हणतात, आणि त्यातला मूळ शब्द जुन्या आयरिशमधला "देस", म्हणजे उजवा. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दक्षिण दिशा! पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण येते, म्हणून दोन्हीला एकच शब्द. आता आपला "दक्षिण" घ्या, संस्कृतमध्ये त्याचेही हेच दोन अर्थ, उजवा आणि दक्षिण, आणि प्र-दक्षिणा म्हणजे उजवीकडे ठेवून फिरणं. भाषांचा अभ्यास करणारे सांगतात की "देस" आणि "दक्षिण" हे एकाच जुन्या मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग मी काय वेगळं सांगत होते.

तर डेक्लन कोण?

डेक्लन हा डेशा नावाच्या लोकांचा संत. (ऐकायला सारखं वाटलं तरी डेशा आणि वरच्या डेशल शब्दाचा एकमेकांशी संबंध नाही.) डेशा हे आजच्या वॉटरफोर्ड भागात राहणारे लोक, आणि हे नाव अजून जिवंत आहे, वॉटरफोर्डची हर्लिंगची (काठी आणि चेंडूने खेळायचा आयरिश खेळ) टीम खेळायला उतरली की स्टेडियममध्ये "अप द डेशा" असंच ओरडतात. डेक्लनची कथा सांगते की तो या डेशांच्या राजघराण्यातला, लिसमोरजवळ जन्मला, जन्मताना त्याचं डोकं दगडावर आपटलं तर डोक्याला काही झालं नाही पण दगडाला खळगा पडला, आणि त्या खळग्यात साठलेल्या पावसाच्या पाण्याने लोक बरे व्हायचे. पुढे तो शिकला, रोमला गेला, बिशप (म्हणजे एका भागातल्या चर्चचा मुख्य धर्मगुरू) झाला, परत येताना वाटेत त्याला पॅट्रिक भेटला, पण पॅट्रिक तेव्हा अजून आयर्लंडला पोचायचा होता. म्हणजे कथेप्रमाणे डेक्लन पॅट्रिकच्या आधीचा.

हे वाक्य आयर्लंडमध्ये साधं नाही. पॅट्रिक म्हणजे अख्ख्या देशाचा संत, त्याने येऊन सगळ्यांना ख्रिश्चन केलं हे लहान मूलही सांगतं. मग दक्षिण किनाऱ्यावरचं एक छोटं गाव म्हणतं की आमच्याकडे त्याच्याआधीच झालं होतं, यात खरं किती?

इतिहासात एक पक्कं टोक हाताला लागतं ते इसवी सन ४३१ चं. त्या काळातला प्रॉस्पर नावाचा लेखक नोंद करून ठेवतो की पोप सेलेस्टाइनने पॅलेडियस नावाच्या माणसाला आयर्लंडमधल्या ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या लोकांकडे पहिला बिशप म्हणून पाठवलं. नीट वाचा, विश्वास ठेवणाऱ्या लोकांकडे. म्हणजे ४३१ मध्ये तिथे आधीपासून थोडे तरी ख्रिश्चन होते, बिशप पाठवावा इतपत होते. आणि ते कुठे असणार? समुद्रापलीकडे वेल्स आणि रोमन ब्रिटन, तिथून व्यापार, गुलाम, सोयरिकी सगळं चालायचं, आणि त्या किनाऱ्याला सगळ्यात जवळचा भाग म्हणजे आयर्लंडचा दक्षिण आणि पूर्व किनारा. डेशांमधले काही लोक तर वेल्समध्ये जाऊन वसले अशी जुनी आयरिश कथा आहे. त्यामुळे दक्षिणेत पॅट्रिकच्या आधी ख्रिश्चन धर्म पोचला होता हे पटण्यासारखं आहे, आणि डेक्लनबरोबरच आल्वे, किअरन, इबर असे दक्षिणेतले आणखी संतही पॅट्रिकच्या आधीचे म्हणून सांगितले जातात.

पण तो माणूस, डेक्लन, तो नेमका कोणत्या साली होता? इथे कथा स्वतःच अडचण करते, कारण त्याच कथेत तो वेल्सच्या संत डेव्हिडला भेटायला जातो आणि डेव्हिड आहे सहाव्या शतकातला. पाचव्या शतकात पॅट्रिकच्या आधी बिशप झालेला माणूस सहाव्या शतकातल्या डेव्हिडला भेटायचा तर त्याला शंभरी ओलांडावी लागेल. म्हणून अभ्यासक तारखांच्या बाबतीत हात राखून बोलतात.

आता खरी गंमत पुढे आहे आणि हा भाग समजला की असल्या कुठल्याही संताची कथा वाचता येते. डेक्लनचं जे लॅटिन चरित्र आहे ते त्याच्या काळात लिहिलेलं नाही, ते साधारण बाराव्या शतकातलं. आयरिश भाषेतलं चरित्र आपल्यापर्यंत पोचलं ते मीहॉल ओ क्लेरी या फ्रान्सिस्कन ब्रदरने १६२९ मध्ये उतरवून घेतलेल्या प्रतीमुळे. म्हणजे संत होऊन गेला आणि त्यावर सहा-सातशे वर्षांनी कुणीतरी बसून त्याचं चरित्र लिहिलं. का लिहिलं, तेव्हाच का?

कारण बाराव्या शतकात आयर्लंडच्या चर्चची नव्याने मांडणी चालली होती. तोपर्यंत सगळा कारभार मठांच्या हातात, ज्याचा मठ मोठा त्याचा शब्द मोठा. मग १११० नंतर बाकी युरोपसारखी पद्धत आणायची ठरली, देशाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक बिशप. ११११ मध्ये राथ ब्रासलला सभा झाली, ११५२ मध्ये केल्स आणि मेलिफाँटला पुन्हा झाली, आणि कुणाला बिशप मिळणार आणि कोण दुसऱ्याच्या हाताखाली जाणार यावर गावागावात चुरस सुरू झाली. आपल्याकडे नवीन जिल्हे जाहीर होणार म्हटल्यावर प्रत्येक तालुक्याला जिल्ह्याचं ठिकाण व्हायचं असतं, तसंच. आर्डमोरच्या शेजारीच लिसमोर, तिथला मठ फार नावाजलेला, आणि उत्तरेला आर्माघ, जे म्हणायचं आम्ही पॅट्रिकची गादी म्हणून सगळ्यांच्या वर. अशा वेळी आर्डमोरकडे सांगण्यासारखं काय होतं? तर आमचा डेक्लन पॅट्रिकच्याही आधीचा बिशप आहे, आणि स्वतः पॅट्रिकने डेशांचा प्रदेश त्याच्या हवाली केलाय. चरित्रात हे अगदी ठासून येतं, की डेशांचा पॅट्रिक म्हणजे डेक्लन.

आणि तो दावा काही काळ चाललासुद्धा! बाराव्या शतकाच्या शेवटी आर्डमोरला स्वतःचा बिशप होता. पण तेराव्या शतकात ते लिसमोरमध्ये मिसळलं गेलं, आणि १३६३ मध्ये लिसमोर वॉटरफोर्डला जोडलं गेलं.

मला यात फसवाफसवी दिसत नाही. लोकांना आपला संत आपल्या जमिनीचा वाटत होता, शेकडो वर्षं वाटत होता, आणि कागदाची वेळ आली तेव्हा त्यांनी तो कागदावर आणला. चरित्र खोटं म्हणून बाजूला टाकणारे आणि शब्दन् शब्द खरं मानणारे दोघंही त्या गावाने काय जपलं ते बघत नाहीत असं मला मनापासून वाटतं.

बरं, त्याला संत ठरवलं कुणी, तर रोमने नाही. संतपदाची रीतसर चौकशी आणि पोपची घोषणा ही पद्धत फार नंतरची, पोपने केलेली पहिली नोंदलेली घोषणा ९९३ सालची, आणि फक्त पोपच संत ठरवू शकतो हा नियम पक्का झाला तेराव्या शतकात. आयर्लंडचा मॅलाकी हा अशा पद्धतीने संत झाला ११९० मध्ये. त्याच्या आधीचे शेकडो आयरिश संत, डेक्लनसकट, लोकांनीच संत मानलेले. आपल्याला हे समजायला अजिबात जड जायला नको, ज्ञानोबा-तुकोबांना तरी कोणत्या कमिटीने सर्टिफिकेट दिलं होतं?

आता जागा. गावात शिरलं की सगळ्यात आधी दिसतो मनोरा, टेकडीच्या उतारावर कबरस्तानात उभा, साधारण ३० मीटर उंच, म्हणजे दहा मजली बिल्डिंगएवढा, वर जाताना बारीक होत जाणारा आणि डोक्यावर दगडाची टोकदार टोपी. बाहेरून तीन दगडी पट्टे आहेत, त्यांनी त्याचे चार भाग दिसतात. दरवाजा जमिनीपासून चारएक मीटर वर. गाईड आणि माहितीपत्रकं पटकन सांगतात की व्हायकिंग आले की भिक्षू वर चढायचे आणि शिडी ओढून घ्यायचे. ऐकायला छान आहे, पण हा मनोरा बाराव्या शतकातला, तेव्हा व्हायकिंगांच्या धाडी संपून जमाना झाला होता. शिवाय असल्या मनोऱ्यात लपणं म्हणजे धुराड्यात लपणं, आयरिश बखरींमध्ये असल्या मनोऱ्याचा पहिला उल्लेखच ९५० सालचा आहे आणि तो स्लेनचा मनोरा आतल्या माणसांसकट जाळला त्याचा आहे. आयरिश नाव "क्लिगचॅक", म्हणजे घंटाघर, आणि काम तेच. दरवाजा उंच ठेवण्याचं मोठं कारण बांधकामाचं, या मनोऱ्यांचा पाया फार खोल नसतो, त्यामुळे खालचा भाग मजबूत ठेवायचा तर तिथे भिंतीला भोक पाडायचं नाही. लढाईत वापर झाला तो कितीतरी नंतर, १६४२ मध्ये, तेव्हा युद्धात इथे वेढा पडला होता.

मनोऱ्याशेजारी कॅथेड्रलची, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चची भिंत. हे चर्च बांधून पूर्ण करणारा आर्डमोरचा धर्मगुरू १२०३ मध्ये वारला अशी बखरीत नोंद आहे, म्हणजे चरित्र, मनोरा, चर्च, सगळं त्या एकाच धावपळीच्या काळातलं. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून कमानींच्या रांगा आणि त्यात कोरीव चित्रं, आदम आणि इव्ह, मधे झाड आणि साप, मग शलमोन राजाचा न्याय, बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी, आत्म्यांचं वजन करणारा देवदूत. समुद्राच्या वाऱ्याने चेहरे पार झिजलेत. भर दुपारी गेलात तर निम्मं दिसणार नाही, दिवस कलल्यावर पश्चिमेचं तिरकं ऊन पडलं की एकेक आकृती भिंतीतून वर येते, आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो म्हणून दिसली. आत दोन ओघम दगड ठेवलेत. ओघम म्हणजे दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा मारून लिहायची जुनी आयरिश लिपी, बहुतेक मजकूर अमक्याचा मुलगा तमका असा, आणि हे दगड याच दक्षिण भागात सगळ्यात जास्त सापडतात. म्हणजे चर्च बाराव्या शतकाचं असलं तरी जागा फार जुनी.

आणि मग ती खोलीएवढी छोटी इमारत, त्यात लोक डेक्लनची कबर मानतात. आत बघितलं तर जमिनीत नुसता रिकामा खड्डा. वर्षानुवर्षं भाविक तिथली चिमूटभर माती घरी न्यायचे, आजारापासून आणि संकटापासून राखण म्हणून. अंगारा म्हणा हवं तर. खड्डा झाला तो असा, मुठीमुठीने.

किनाऱ्यावरच्या दगडाची कथा मला सगळ्यात आवडते. रोमहून परत येताना डेक्लनला प्रार्थनेच्या वेळी स्वर्गातून एक छोटी काळी घंटा मिळाली, ती त्याने सोबत्याकडे दिली, सोबती ती बंदरावर एका दगडावर ठेवून विसरला. जहाज समुद्रात गेल्यावर लक्षात आलं, सगळे कासावीस. डेक्लनने प्रार्थना केली आणि मागून तो दगडच घंटा घेऊन तरंगत आला, जहाजाच्या पुढे गेला, आणि डेक्लन म्हणाला की हा जिथे टेकेल तिथे माझं ठाणं. तो टेकला आर्डमोरला. तेव्हा ते म्हणे एक बेट होतं, मेंढ्यांची टेकडी म्हणायचे त्याला, बेटावर ये-जा अवघड म्हणून शिष्यांनी गळ घातली, डेक्लनने पाण्यावर काठी मारली, समुद्र मागे हटला आणि टेकडी जमिनीला जोडली गेली. आर्डमोर म्हणजे मोठी टेकडी.

तो दगड आजही वाळूत आहे, खालच्या खडकाच्या दोन उंचवट्यांवर टेकलेला आणि मधे फट. भूगर्भशास्त्राचे लोक सांगतात की हिमयुगात बर्फाने वाहून आणून टाकलेला हा धोंडा आहे, आसपासच्या खडकापेक्षा वेगळा. मला यातही एक छान गोष्ट दिसते, हा दगड इथला नाही हे लोकांनीही बरोबर ओळखलं होतं, फक्त तो बर्फाबरोबर आला की घंटेबरोबर हा फरक. पाठदुखी, सांधेदुखी जावी म्हणून लोक त्या फटीतून सरपटत पलीकडे जायचे, आणि ज्याच्या मनात पाप आहे किंवा ज्याच्या अंगावर चोरीचा कपडा आहे तो पलीकडे जाऊ शकत नाही असं म्हणायचे.

सगळ्यात जास्त गर्दी व्हायची २४ जुलैला, तो डेक्लनचा दिवस. अशा दिवसाला इथे "पॅटर्न" म्हणतात, नक्षीशी काही संबंध नाही, पॅट्रन म्हणजे गावाचा रक्षक संत, त्याचा अपभ्रंश. आपल्याकडच्या जत्रेसारखंच, सकाळी विहिरीवर प्रार्थना आणि फेऱ्या, दुपारनंतर बाजार, गाणं, नाच, दारू, मारामाऱ्या. इंग्रजी सत्तेला हे खुपत होतं, १७०४ च्या कॅथलिकविरोधी कायद्यात विहिरींवर जमणाऱ्यांना दहा शिलिंग दंड आणि तो न भरल्यास चाबकाचे फटके अशी तरतूद होती. पुढे कॅथलिक बिशपांनीही दारू आणि हाणामाऱ्यांमुळे पॅटर्नवर डोळे वटारले. दोन्हीकडून दाब येऊनही आर्डमोरचा पॅटर्न टिकला, आजही जुलैमध्ये होतो.

ज्या विहिरीपाशी आई थबकली त्या जागेचं नाव डिझर्ट. मूळ लॅटिन शब्द वाळवंटाचा. इजिप्तच्या वाळवंटात जाऊन एकांतात राहणाऱ्या साधूंबद्दल आयरिश भिक्षूंना इतकी ओढ होती की वाळवंट नसलेल्या या हिरव्यागार, पावसाळी देशात त्यांनी आपल्या एकांताच्या जागांना वाळवंट हेच नाव दिलं, आणि ते आजही देशभर गावांच्या नावात सापडतं. डेक्लन म्हातारपणी गर्दीला कंटाळून इथे, डोंगर आणि समुद्राच्या मधे, झोपडीत येऊन राहिला असं चरित्र सांगतं. शेवट जवळ आल्यावर त्याला परत वर त्याच्या गावात नेलं.

चालायची आवड असेल तर कॅशलपासून आर्डमोरपर्यंत सेंट डेक्लन्स वे नावाचा जुना यात्रेचा मार्ग नीट खुणा करून २०२१ मध्ये खुला केलाय, साधारण ११५ किलोमीटर, नॉकमिलडाउन डोंगर ओलांडून लिसमोरवरून येतो. एकदम पाच दिवसांची सवड नसेल तर एकेक टप्पा करता येतो, मी फक्त शेवटचा केलाय, आणि मनोऱ्याचं टोक लांबून दिसायला लागलं की पाय आपोआप उचलतात. चाललं नाही तरी चालेल, पण निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ तेवढी बघा. आम्ही आधी विहीर, मग मनोरा असं करत किनाऱ्यावर उतरलो तोवर पाणी चढायला लागलं होतं, आईने चपला हातात घेतल्या, दगडापर्यंत गेली, त्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या बाजूने वळसा घालून आली. पुढच्या लाटेत ती फट पाण्याखाली गेली.